शेजारच्या सीटखालचा ब्रेक

"महिना?" साडूभाऊंनी हातातला चमचा खाली ठेवला. "गाडी शिकायला महिना? अहो मास्तर, महिन्यात माणसं आयुष्य बदलून टाकतात!"

मास्तरांनी तोंडातला घास गिळला. जेवायला बोलावलेल्या माणसाने यजमानाशी वाद घालू नये, एवढं त्यांना कळत होतं. त्यातून यजमान म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. असल्या नात्यात मान डोलवायची आणि वाढलेलं संपवायचं, एवढंच माणसाच्या हातात असतं. पण विषय गाडीचा निघाला होता, आणि गाडीच्या बाबतीत मास्तर कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

"महिना हुशार माणसाला," ते म्हणाले. "बाकीच्यांना दीड."

मास्तर काही खडू-फळ्याचे मास्तर नव्हेत. त्यांची गाडी शिकवायची शाळा होती. शाळा म्हणजे बसस्टँडच्या मागे एक खोली, खोलीत एक टेबल आणि दारात एक छोटी गाडी, जिचं निम्मं आयुष्य पहिल्या गिअरमध्ये गेलं होतं. या गाडीत शेजारच्या सीटखालीही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला होता, आणि त्या सीटवर मास्तर बसत. शिकणारा स्टिअरिंग धरून घाम गाळत असे, आणि मास्तर आपल्या दोन पायांनी त्याला, गाडीला आणि रस्त्यावरच्या लोकांना सांभाळत असत. "गावातली निम्मी माणसं मी रस्त्यावर आणलीत," असं ते ओळख करून देताना सांगत आणि समोरचा दचकला की खूश होत.

साडूभाऊंचा धंदा याहून मोठा होता. श्रीमंत कसं व्हायचं, ते लोकांना शिकवत. आधी त्यांनी पंख्यांची एजन्सी काढली, ती बसली. मग गाद्यांचं दुकान काढलं, तेही बसलं. त्यानंतर त्यांनी श्रीमंत होण्यावर व्याख्यानं द्यायला सुरुवात केली आणि त्यात मात्र ते खरोखरच श्रीमंत झाले. त्यांना स्वतःला लागू पडलेला मार्ग हा एवढाच होता, पण नेमका तोच ते व्याख्यानात सांगत नसत. तिथे ते सांगत की मनात पाहिलं की हातात येतं, छोटं काम करणारा छोटाच राहतो आणि भीती ही फक्त एक सवय आहे. लोक हे लिहून घेत आणि घरी जाऊन वही नीट ठेवून देत.

गाडीचा विषय निघाला होता तो साडूभाऊंच्या ड्रायव्हरमुळे. नवी काळी गाडी घेतली तेव्हा तिच्यासाठी हा ड्रायव्हर ठेवला होता. व्याख्यान चालू असताना बिचारा जाणार कुठे? हॉलच्या शेवटच्या रांगेत बसायचा. अशी सगळी व्याख्यानं त्याने फुकटात ऐकली, आणि गेल्या आठवड्यात गाडीची किल्ली परत करत म्हणाला, "साहेब, दुसऱ्याची गाडी चालवणारा स्वतःच्या आयुष्याचा मालक होत नाही. तुम्हीच सांगितलंय. मी निघालो." साडूभाऊंना चारचौघांत त्याची पाठ थोपटावी लागली. तेव्हापासून काळी गाडी दारात उभी होती. साडूभाऊंकडे तरुणपणी काढलेलं लायसन्स होतं, ते न चुकता वाढवलेलंही होतं. गाडी चालवणं तेवढं राहून गेलं होतं.

"तुमचा धंदाच लोकांच्या भीतीवर चाललाय," साडूभाऊ म्हणाले. "मी आठवड्यात शिकून दाखवतो. येत्या रविवारी माझा मोठा कार्यक्रम आहे. हॉलच्या दारापर्यंत मी स्वतः गाडी चालवत येणार. आलो तर बोला."

"आलात तर माझ्या शाळेला कुलूप!" मास्तर म्हणून गेले.

टेबलापलीकडे बहिणीला वाढायला मदत करणाऱ्या मास्तरांच्या बायकोचा हात तिथल्या तिथे थांबला.

"कुलूप वगैरे नको. व्यासपीठावर यायचं, सगळ्यांसमोर शाळेच्या गाडीची किल्ली माझ्या हातात द्यायची आणि सोमवारपासून माझ्याकडे कामाला. 'भीतीवर मात' हा विषय तुम्हाला देतो. गाडीचं काय करायचं ते मी बघतो, भंगारवाला ओळखीचा आहे."

"आणि नाही आलात तर?"

"तसला विचार मी करतच नाही," साडूभाऊ हसून म्हणाले.

"पण शिकवणार कोण?" थोरलीने विचारलं.

"म्हणजे काय? मास्तर! घरचे असताना बाहेर कशाला जायचं?"

आपण जिंकलो तर आपल्याला काहीच मिळणार नाही, हे मास्तरांच्या लक्षात आलं ते घरी परतताना, निम्म्या वाटेवर. बायको शेजारी बसून पर्सची चेन उघडत-मिटत होती.

"बोल," मास्तर म्हणाले.

"पैज लावायला नको होती. लावलीत. आता माझं ऐका. भाऊजींच्या अंगावर ओरडायचं नाही."

"ओरडल्याशिवाय गाडी येत नाही."

"तुम्ही त्यांच्यावर ओरडाल, ते घरी जाऊन ताईवर ओरडतील. तिला सोसावं लागतं ते. आणि ब्रेक दाबायचा झाला तर हळू दाबा. त्यांना कळता कामा नये."

"अगं, चूक कळावी म्हणून तर मी ब्रेक दाबतो!"

"मग न कळता दाबून दाखवा. एवढे मास्तर आहात ना?"

हे मास्तरांच्या वर्मी लागलं. त्यांनी पुढचा गिअर जरा जोरातच टाकला. घराच्या वळणावर बायको जरा मऊ आवाजात म्हणाली, "आणि खरं सांगू? हरलात तरी मला वाईट वाटणार नाही. दिवसभर वाकडं बसून कंबरेचा पार चुथडा झालाय तुमचा. भाऊजींच्या कार्यक्रमात निदान उभं राहायचं काम आहे."

हे ऐकून मात्र मास्तरांना खरंच वाईट वाटलं. शाळा गेली तर सोमवारी सकाळी उठून आपण कोण असणार, हे त्यांना सांगता आलं नसतं. पण साडूभाऊ आठवड्यात गाडी शिकणं शक्यच नव्हतं, त्यामुळे त्यांना झोप छान लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता साडूभाऊ मागच्या गल्लीने आले. शिष्यांनी ओळखू नये म्हणून डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर काळा चष्मा होता. स्टिअरिंगसमोर बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

मास्तरांनी बराच वेळ वाट पाहिली. "साडूभाऊ, या कामाला डोळे उघडे लागतात."

"श्श. मनातल्या मनात गाडी चालवतोय. आधी मनात, मग रस्त्यावर."

"कुठपर्यंत पोचलात?"

"समुद्र दिसायला लागलाय."

"मग परत फिरा आता. आपली गाडी अजून न्यूट्रलमध्ये आहे."

साडूभाऊंनी डोळे उघडले, चावी फिरवली आणि ॲक्सिलरेटर असा दाबला की झाडावरचे सगळे कावळे उडाले. मास्तरांच्या घशापर्यंत शिवी आली होती. बायकोची आठवण झाली आणि त्यांनी ती गिळली. मग त्यांनी आपल्या बाजूचा क्लच दाबून पहिला गिअर टाकला, क्लच अलगद सोडला, एक बोट स्टिअरिंगच्या खालच्या कडेला लावलं, आणि गाडी झोपलेल्या बाळाची उशी सरकवावी तशी पुढे सरकली.

"निघाली!" साडूभाऊ ओरडले. "मास्तर, निघाली की हो!"

पुढच्या वळणावर दुधाचे कॅन लावलेली सायकल आडवी आली. साडूभाऊंचा उजवा पाय ब्रेकच्या बाजूला खाली, आरामात टेकलेला होता. मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, तोही इतक्या हळुवारपणे की गाडी थांबल्याचं गाडीलाही उशिराच कळलं असेल. सायकलवाला निघून गेला.

साडूभाऊ डोळे विस्फारून समोर बघत राहिले. "पाहिलंत? मी मनात म्हटलं, थांब. आणि थांबली."

"मनात म्हणू नका, पायाने म्हणा."

"तुम्ही अजून पायातच अडकलात, मास्तर," साडूभाऊ मायेने म्हणाले.

असा तो आठवडा चालला. मास्तरांनी आयुष्यात इतकं सुंदर काम केलं नव्हतं आणि ते दाखवायला कुणी नव्हतं. क्लच त्यांचा, गिअर त्यांचा, ब्रेक त्यांचा, वळणावरचं बोट त्यांचं. साडूभाऊंकडे होता तो हॉर्न आणि आत्मविश्वास. रोज सकाळी ते अधिक ताठ बसू लागले. गाडीला आपल्या मनातलं कळतं, असं ते थोरलीला सांगू लागले, आणि थोरली ते धाकटीला फोनवर सांगू लागली.

"छान शिकवताय म्हणे," बायको म्हणाली.

"शिकवत कुठे! मीच चालवतोय!"

"तेच ते. ओरडत नाही ना, मग झालं."

हे असंच चाललं तर रविवारी आपली शाळा जाणार, हे मास्तरांच्या ध्यानात आलं तेव्हा आठवडा निम्म्यावर आला होता. उपाय सोपा होता. एकदाच पाय उचलायचा. त्यांनी जागाही हेरून ठेवली. एका बांधकामापाशी रस्त्याच्या कडेला वाळूचा मोठा ढीग होता. गाडी वाळूत शिरेल, कुणाला खरचटणारही नाही, साडूभाऊंना अक्कल येईल आणि पैज तिथेच संपेल. त्या सकाळी ढीग दिसू लागताच मास्तरांनी दोन्ही पाय मागे ओढून सीटला चिकटवले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. साडूभाऊ गाणं गुणगुणत ढिगाच्या दिशेने निघाले होते. ढीग जवळ आला. आणखी जवळ आला. शेवटच्या क्षणी मास्तरांचा पाय त्यांना न विचारता सुटला आणि गाडी वाळूला नुसती हुंगून थांबली.

"भीती ही फक्त सवय आहे," साडूभाऊ म्हणाले. "बघा, मला वाळूची भीतीच वाटली नाही."

मास्तर आपल्या उजव्या पायाकडे रागाने बघत राहिले. त्यांचाच पाय त्यांच्याच शाळेच्या मुळावर उठला होता.

त्याच दिवशी साडूभाऊंनी गाडीत बसून मोबाइलवर एक व्हिडिओ केला. त्यात त्यांचा चेहरा दिसत होता, स्टिअरिंग दिसत होतं, मागे पळणारी झाडं दिसत होती. 'आठवड्यात गाडी! मनाची ताकद,' असं त्याचं नाव होतं. कुणाचेही पाय त्यात दिसत नव्हते. शिष्यांनी तो सगळीकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या खोलीत दवाखान्यातली नर्स येऊन उभी राहिली. ती तीन आठवडे शिकत होती आणि आत्ता कुठे तिला चढावर गाडी थांबवता येऊ लागली होती.

"मास्तर, मला एवढे दिवस का लागतायत? माझं मन कमजोर आहे का?"

"मन धडधाकट आहे तुमचं. तुम्ही खरं शिकताय, म्हणून वेळ लागतोय."

तिचा विश्वास बसला नाही. पानाचं दुकान चालवणारा एक शिकाऊ तर यायचाच बंद झाला. तो घरी खुर्चीवर डोळे मिटून बसतो, असं कळलं.

मास्तरांना आता राहवेना. शनिवारी धडा संपल्यावर त्यांनी सरळच सांगून टाकलं, "साडूभाऊ, उद्या तुम्ही ती गाडी बाहेर काढू नका. तुम्हाला गाडी येत नाही. आठवडाभर मी चालवत होतो. माझ्या बाजूला क्लच आहे, ब्रेक आहे. हे बघा."

साडूभाऊंनी वाकून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती. "ते असतात हो, माहीत आहे मला. घाबरटांसाठी. पण मला एकदा तरी धक्का जाणवला का? एकदा तरी?" त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "हरायची वेळ जवळ आली की माणूस असंच बोलतो. माझ्या व्याख्यानात यावर एक अख्खा तास आहे. उद्या बसा पुढच्या रांगेत."

घरी येऊन मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं.

"हळू म्हणजे किती हळू दाबत होतात?" तिने विचारलं.

"अजिबात कळणार नाही इतका."

"मग आता त्यांना कसं कळावं?"

मास्तर म्हणाले, "उद्या मी त्यांच्या शेजारी बसतो."

"त्या गाडीत तुमच्या बाजूला काय आहे?"

"पायपुसणं."

रविवारी काळी गाडी धुऊनपुसून तयार होती. साडूभाऊ सूट घालून स्टिअरिंगवर बसले, शेजारी मास्तर, मागे दोघी बहिणी. पहिल्यांदा गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्यांदा दोन उड्या मारल्या आणि बंद पडली. साडूभाऊंनी गाडी नवी असल्याचं सांगितलं. शेवटी ती पहिल्या गिअरमध्ये कशीबशी निघाली आणि पहिल्याच गिअरमध्ये राहिली, कारण दुसरा गिअर आजवर आपोआप पडत आला होता आणि आज तो पडायला तयार नव्हता. इंजिन बोंबलत होतं. सायकलवाले घंटी वाजवून पुढे जात होते.

"हळू जाण्यात एक ऐट असते," साडूभाऊ म्हणाले.

मास्तर ऐकत नव्हते. प्रत्येक गाडीला, प्रत्येक कुत्र्याला, प्रत्येक वळणाला त्यांचे दोन्ही पाय खाली आपटत होते आणि खाली काही नव्हतं. सुदैवाने रविवारची सकाळ होती आणि रस्त्यावरची माणसं त्या आवाजानेच बाजूला होत होती.

हॉलच्या दारासमोरच्या फाटकात शिष्यांनी एक प्रचंड कापडी फलक आडवा लावला होता. त्यावर साडूभाऊंचा दोन माणसांएवढा चेहरा होता आणि खाली लिहिलं होतं, 'आता थांबायचं नाही!' बेत असा होता की गाडी फलकापुढे येऊन थांबेल, मग दोन शिष्य दोऱ्या ओढून फलक वर घेतील आणि गाडी टाळ्यांच्या गजरात आत जाईल. फाटकापाशी शे-दोनशे माणसं उभी होती. ती दिसताच साडूभाऊंनी एक हात सोडून हलवायला सुरुवात केली.

"थांबवा आता," मास्तर म्हणाले.

"म्हटलंय मी," साडूभाऊ हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले.

"कुणाला म्हटलंय?"

शिष्य गाडी थांबण्याची वाट बघत होते आणि गाडी कुणाचीच वाट बघत नव्हती. "ब्रेक! ब्रेक!!" मास्तर आठवडाभर साठवलेल्या आवाजात गरजले. लोक दोन्ही बाजूंना पांगले. काळी गाडी संथपणे साडूभाऊंच्या नाकातून आत शिरली, फलक टर्रकन फाटला, दोन कुंड्या फुटल्या, आणि मास्तरांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी एक आचका देऊन बंद पडली. फलक वरून खाली आला आणि चारही बाजूंनी गाडीवर पसरला.

आत अंधार झाला. कुणाला काही लागलं नव्हतं. काचेवर साडूभाऊंचा एक मोठा डोळा उलटा दिसत होता.

"ब्रेक लागला नाही," साडूभाऊ कुजबुजले.

"पाय कुठे आहे तुमचा?"

साडूभाऊंनी खाली पाहिलं. पाय ब्रेकच्या बाजूला, खाली, आरामात टेकलेला होता. "पण मी मनात म्हटलं होतं... दर वेळी ऐकते ती..."

"ती ऐकत नव्हती. मी ऐकत होतो."

मागे बसलेली मास्तरांची बायको पुढे वाकली. नवऱ्याच्या पायांखालचं पायपुसणं चुरगळून त्याचा बोळा झाला होता, आणि अजूनही ते दोन पाय त्या बोळ्यावर घट्ट दाबून धरलेले होते. थोरलीने विचारलं, "म्हणजे आठवडाभर ह्यांनी गाडी चालवलीच नव्हती?"

सूट, टाय आणि त्या अंधारात आक्रसून बसलेला तो माणूस बघून मास्तरांनाच कसंसं झालं. एवढ्यात बाहेरून आवाज आला. आधी एक टाळी, मग दहा, मग टाळ्यांचा कडकडाट. "सर फाडून आले! स्वतःचा फोटो फाडून आले!"

साडूभाऊंनी कान टवकारले. पाठ हळूहळू सरळ झाली. त्यांनी टाय नीट केला, दार उघडलं आणि कापड दोन्ही हातांनी बाजूला सारत ते बाहेर पडले. मास्तरांनी पंखे आणि गाद्या बुडालेल्या पाहिल्या होत्या. हा माणूस त्यातून वर कसा आला, ते त्यांना आज समजलं.

व्यासपीठावरून साडूभाऊ गरजले, "प्रत्येकासमोर एक पडदा असतो, आणि त्यावर आपलाच चेहरा छापलेला असतो! मी आज माझ्याच चेहऱ्यातून आरपार आलो! फाडा! तुमची प्रतिमा फाडा!" लोक लिहून घेत होते. एका उत्साही माणसाने गळ्यातला प्रवेशाचा पास फाडला, आणि नंतर जेवणाच्या वेळी तोच पास दाखवायचा आहे हे कळल्यावर तो चिकटपट्टी शोधत फिरू लागला.

"आणि आता," साडूभाऊ म्हणाले, "एक छोटी शाळा सोडून मोठी उडी घेणारे माझे साडू!"

मास्तर वर गेले. माइक त्यांच्या तोंडासमोर आला. समोर भरलेला हॉल होता आणि एका वाक्याचं काम होतं. पण पहिल्या रांगेत थोरली बसली होती, ओठ घट्ट मिटून, मांडीवरच्या पर्सचा पट्टा पिळत. मास्तरांच्या लक्षात आलं की इथेही आपल्याला जोरात दाबता येणार नाही. शिवाय शब्द म्हणजे शब्द. साडूभाऊ स्वतः गाडी चालवत दारापर्यंत आले होते. दारात थांबायचं, असं पैजेत ठरलं नव्हतं. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

"थांबा हो!"

त्यांची बायको पायऱ्या चढून आली आणि तिने सरळ त्यांच्या हातातून किल्ली घेतली.

"अगं, पैज झालीये आमची," साडूभाऊ हसत म्हणाले.

"पैज तुमची आणि ह्यांची. गाडी माझ्या नावावर आहे. मला विचारलं होतं का कुणी?"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. साडूभाऊंनी माइकवर हात ठेवला. "अगं, सगळे बघतायत. दे ती किल्ली."

"भाऊजी," ती तितक्याच हळू आवाजात म्हणाली, "मी घेऊ का तो माइक? दोनच मिनिटं."

साडूभाऊंचा चेहरा पांढरा पडला. माइक त्यांनी छातीशी धरला. पण बोलणं हा त्यांचा धंदा होता. पुढच्याच क्षणी ते लोकांकडे वळले आणि हात उंचावून ओरडले, "ऐकलंत? ही बाई 'नाही' म्हणाली! अख्ख्या जगासमोर 'नाही' म्हणता येणं, हीच खरी श्रीमंती!"

हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांमधून मास्तर आणि त्यांची बायको मागच्या दाराने बाहेर पडले आणि चालत घरी निघाले.

"तुला तर मी हरलो तरी चालणार होतं," मास्तर चालता चालता म्हणाले.

"चालणार होतं. पण आज बघितलं ना. जिथे ब्रेकच नाही तिथेसुद्धा तुमचा पाय दाबत होता. असल्या माणसाला व्यासपीठावर उभं करून काय करायचं? तिथे पाय ठेवणार कुठे तुम्ही?" मग म्हणाली, "कंबरेला मी रोज चोळून देईन."

मास्तरांना फार बरं वाटलं. ते जरा भराभर चालू लागले.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी ते खोली उघडत होते, तेव्हा साडूभाऊ समोर येऊन उभे राहिले. मागच्या गल्लीने नव्हे, पुढूनच आले होते.

"शिकायचंय," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

"महिना लागेल."

"दीडच धरा."

"ओरडेन मी."

"ओरडा. ताईला मी सांगून आलोय." थोरलीला सगळे ताई म्हणत म्हणून साडूभाऊही आता स्वतःच्या बायकोला ताई म्हणत होते की ते फार घाबरले होते, ते कळायला मार्ग नव्हता. "फक्त एक करा. तुमचे पाय वर घ्या."

मास्तरांनी बूट काढले आणि ते सीटवर चक्क मांडी घालून बसले. उभ्या आयुष्यात ते त्या गाडीत असे बसले नव्हते. हातांनी त्यांनी दोन्ही अंगठे धरून ठेवले. गाडी उड्या मारून बंद पडली. पुन्हा उडी, पुन्हा बंद. "क्लच हळू सोडा! हळू! क्लच आहे तो, डोक्यावरचं ओझं नाही टाकून द्यायला!" मास्तर मनसोक्त ओरडत होते. साडूभाऊंचा शर्ट घामाने भिजला. नर्स तिच्या वेळेला आली, टेबलाशी बसून राहिली आणि खिडकीतून बघत राहिली. शेवटी कधीतरी गाडीने उडी मारली नाही. ती कुरकुरत पुढे सरकली आणि सरकतच राहिली.

समोर विजेचा खांब होता. अंगठे मास्तरांनी इतके घट्ट धरले की नखं पांढरी झाली. खांब जवळ आला, आणि साडूभाऊंनी सगळा जीव एकवटून ब्रेकवर पाय मारला. दोघांचीही डोकी पुढे गेली, गाडी धक्का खाऊन थांबली, मागच्या सीटवरची पाण्याची बाटली उडून पुढे येऊन पडली. इतका वाईट ब्रेक मास्तरांनी कधी अनुभवला नव्हता आणि इतका आवडलाही नव्हता.

"हे तुम्ही केलंत?" साडूभाऊंनी घाबरत विचारलं.

"मांडी घालून बसलोय, बघा की."

साडूभाऊंनी मांडीकडे पाहिलं, मग ब्रेकवरच्या स्वतःच्या पायाकडे पाहिलं. ते दार उघडून खाली उतरले आणि खोलीपासून खांबापर्यंतचा रस्ता निरखत उभे राहिले. कुणीही चालत याहून लवकर पोचलं असतं. पण साडूभाऊंचे डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू फुटलं होतं. काळी गाडी घेतली त्या दिवशीसुद्धा मास्तरांनी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"काढा मोबाइल," मास्तर म्हणाले. "आता करू व्हिडिओ. आता खरं आहे."

साडूभाऊ एकदम भानावर आले. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि खिडकीतून आत वाकले.

"हे कुणाला सांगू नका हं, मास्तर," ते कुजबुजले. "एवढ्याशा अंतराला एवढा वेळ लागतो, हे लोकांना कळलं तर माझ्याकडे कोण येईल?"

आणि घाईघाईने पुन्हा स्टिअरिंगवर बसत म्हणाले, "चला, अजून एकदा."